गंगाफळाला पहिला सुरा

१४ मे
लाल भोपळ्याचा वेल उतरवला. पाच गंगाफळं. नख रुतत नाही, देठ वाळून कडक झालेत, म्हणजे तयार. हे गच्चीत खुर्चीवर बसून त्यांच्या अहिराणीत हुकूम सोडत होते. उजवा हात मांडीवर. मार्चमध्ये लकवा मारला तेव्हापासून तो तिथेच असतो. जानेवारीत याच हाताने बिया लावल्या होत्या.
"चार बोटं देठ ठेव. आनि देठ धरीसन उचलू नको."
चार नीट उतरवली. पाचवं मात्र देठाला धरूनच उचललं. देठ हातात, फळ पायाशी. सत्तावीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, स्वतःला एवढंही नाही.
हे ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२५ मे
दहा दिवस ऊन दिलं. रोज फिरवायची, संध्याकाळी गोणपाटाने झाकायची. आज खाली आणली. दिवाणावर पेंढा, त्यावर एकमेकांना न चिकटता. खडूने नंबर घातले. ५ नं. म्हणजे देठ तुटलेलं. ते टिकणार नाही, आधी संपवायला हवं.
पण अख्ख्या गंगाफळात पहिला सुरा गडीमाणसाने घालायचा, बाईने नाही. सासूबाईंनी मला कधी हात लावू दिला नाही. आधी हे घालायचे, मग पुढचं माझं. मी बाकी कशाला मानत नाही, पण हे एवढं मात्र सुटत नाही. का, विचारू नये.
ह्यांना म्हटलं, ५ नं.चं काय करू?
"मी कापसू. तुले काय घाई शे?"
बोटं अजून अर्धीच मिटतात.

९ जून
हवा नुसती ओली. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतंय. फळांना पाणी सुटलं तर? सकाळ-संध्याकाळ कोरड्या फडक्याने पुसते. पंखा दिवाणाकडे वळवला.
"मनापेक्षा त्यासले जास्त हवा लागस," हे म्हणाले. हसले. तोंडाची डावी बाजू आधी हसते, उजवी मागून.
फिजिओवाल्या बाई आल्या होत्या. रबरी चेंडू दिलाय, दिवसातून शंभर वेळा दाबायचा. हे पन्नासला थांबतात आणि शंभर सांगतात. मीही शंभरच लिहून ठेवते.

२६ जून
५ नं. देठापाशी मऊ. बोट आत गेलं. मऊ बाजू भिंतीकडे करून ठेवली.
दुपारी शेजारच्या हंसाबेन आल्या, त्यांना वास आला. "लावो ने, एमने कहुं, बे मिनिटमां कापी आपशे." त्यांचा नवरा भला माणूस आहे, खरंच दोन मिनिटांत कापून दिलं असतं. पण त्याने आमच्या दिवाणखान्यात, ह्यांच्यासमोर? म्हणजे ह्यांना सांगितल्यासारखंच की तुमचा हात आता गेला.
म्हटलं, आज उपास आहे. हंसाबेन माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एकादशी होऊन चार-पाच दिवस झाले, ते त्यांनाही ठाऊक.

२७ जून
५ नं. शाळेच्या जुन्या पिशवीत घालून कचरागाडीत टाकलं. चोरी केल्यासारखं वाटलं.
"चारच?"
गाईला दिलं, म्हटलं.
"आख्खं?"
ह्यांनी आज चेंडू खरोखर शंभर वेळा दाबला. मी मोजत होते.

१७ जुलै
सोनलचा बडोद्याहून फोन. लेकीला सांगायलाच नको होतं. "मम्मी, तू टीचर थईने आवुं माने छे? असलं मानतं का कुणी? कापून टाक ना सरळ." कापून टाकीन गं. मग बापाला सांगशील तू?
३ नं.ला खालून पांढरी बुरशी. मीठ-हळदीने पुसलं, पेंढा बदलला. काही उपयोग होईलसं वाटत नाही.

२ ऑगस्ट
३ नं. गेलं. २ नं.चा डाग रुपयाएवढा. तिन्ही जेवणांत माझं लक्ष ह्यांच्या हाताकडे. चमचा धरला, तोंडापर्यंत नेला, वरण सांडलं. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. अशी नाटकं फार जमायला लागली आहेत मला.
फिजिओवाल्या बाईंना दाराशी विचारलं. म्हणाल्या, पहिल्या सहा महिन्यांत जे येतं ते भराभर येतं, पुढे सावकाश. सहा महिने सप्टेंबरात भरतात. म्हणजे गंगाफळंही थांबत नाहीत आणि हातही

(फोन आला होता. पुढचं वाक्य आता आठवत नाही.)

२३ ऑगस्ट
२ नं. हंसाबेनकडे देऊन टाकलं, अख्खंच. त्यांच्या घरी त्यांनी कापावं. ह्यांना विचारूनच दिलं. "दी टाक," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आलं, मोरीत जाऊन रडले.
उरली १ आणि ४.

११ सप्टें.
४ नं. रात्रीतून फुटलं. चादर, पेंढा, सगळं धुवायला काढलं. बिया काळ्या पडलेल्या, म्हणजे पुढच्या वेलालाही नाहीत. आता सगळी भिस्त १ नं.वर. तासातासाला हात फिरवते. हे म्हणाले, "त्याले ताप नही शे, बस आते."

१९ सप्टें.
परवा सर्वपित्री. सासूबाईंच्या पानात गंगाफळाची भाजी हवीच. बाजारात कापलेल्या फोडी मिळतात. आणीन का? ह्यांना विचारायची हिंमत होत नाही.
सुरा जागेवर नव्हता. शोधला तर ह्यांच्या उशाशी, धार लावलेला. धारवाल्याला खिडकीतून हाक मारली असणार.

२१ सप्टें.
सकाळी आंघोळ करून हे पाटावर बसले. "आन."
१ नं. समोर ठेवलं. हळदकुंकू लावलं. उजव्या हातात सुरा दिला, बोटं मी एकेक करून मिटवली. वरून त्यांनी डावा ठेवला. मी फळ धरलं, दुसरीकडे पाहिलं. बराच वेळ काहीच नाही. मग कर्र झालं. सुरा बोटभर आत गेला आणि अडकला. कपाळावर घाम.
"मनं काम झायं. आते तू."
पुढचं मी चिरलं. आतून घट्ट, केशरी, कुठे डाग नाही. भाजी झाली, पान वाढलं. हे दोन वेळा मागून जेवले.
बिया राखेत घोळून गच्चीत वाळत घातल्या. त्रेसष्ट आहेत, ह्यांनीच मोजल्या.
जोर उजव्या हाताने लावला की त्याने नुसता सुरा धरला होता, मी विचारलं नाही. उद्या फिजिओवाल्या बाई विचारतील.