टाकीची भूक

३ मार्च
बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून रुजू झाले. सांडपाणी विभाग माझा, दोन खोल्यांचं क्वार्टरही माझं. बाबांना सोबत आणलंय. आई गेल्यापासून त्यांना एकटं ठेवायला जीव धजत नाही. टाकी सांभाळणाऱ्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात. त्यांनी आल्याआल्या आम्हा दोघांना बटाट्याच्या काट्यावर उभं केलं. बाबा एकसष्ट किलो, मी त्रेपन्न. बाबा म्हणाले, आता भाव विचार. खूप दिवसांनी हसले.

५ मार्च
मामांनी टाकी दाखवली. आत हवा नाही, नुसता गाळ, आणि गाळात असंख्य जिवाणू. एक जात स्टार्च फोडून आम्ल करते, दुसरी ते आम्ल खाऊन वायू सोडते. एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण. वायूचं मीटर प्रयोगशाळेत आहे. हिशेब सरळ: जेवढं खाल्लं तेवढाच वायू. मामा टाकीला लेक म्हणतात, येता-जाता पत्र्यावर थोपटतात. बाबांची त्यांच्याशी चांगलीच गट्टी जमली आहे.

१८ मार्च
हंगाम संपला. सांडपाणी बंद, कामगार घरी गेले, उरलो आम्ही तिघं. मी म्हटलं, आता टाकी उपाशी. मामा म्हणाले, उपाशी ठेवली तर गाळ मरतो, नवा धरायला सहा महिने जातात. त्यांच्या हातून एकदाही मेलेला नाही. कसं जमवता विचारलं तर नुसते हसले.

२६ मार्च
मीटर शून्याकडे चाललंय. वेळ जात नाही म्हणून जुनी रजिस्टरं काढली. दरवर्षी बंद हंगामात एकच दिवस वायू उसळतो. वीस घनमीटर, कधी पंचवीस. सांडपाणी शून्य. मग खाल्लं काय? मामा म्हणाले, मीटर जुनं आहे. मला पटलं नाही.

२७ मार्च
उलटं गणित मांडलं. पंचवीस घनमीटर म्हणजे साधारण सत्तर किलोचं जनावर. कागद फाडून टाकला.

२८ मार्च
गेल्या वर्षी वायू उसळला तो ३० मार्चला. माझ्या आधीचा केमिस्ट न सांगता निघून गेला, तोही ३० मार्चलाच— मला भीती वाटतेय. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने बाबांना घेऊन निघणार.

२९ मार्च, सकाळ
बाबा नाहीत. टेबलावर चिठ्ठी: मामांबरोबर टाकी बघून येतो, चहा ठेव.
धावले. झाकणाचे बोल्ट घट्ट. शिडीखाली बाबांच्या चपला, नीट जोडून ठेवलेल्या—

दुपार
फोन करायला प्रयोगशाळेत आले. बाहेरून कडी लागली. फोनची वायर कापलेली.
मामा दाराबाहेरून समजावतात, लेक मोठी झाली, आता एकाने भागत नाही.
मीटर फिरतंय. अठरा. वीस. एकवीस— बाबा—
बावीसवर थांबलं.
रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मामांचं अक्षर. एकसष्ट किलो. खाली त्रेपन्न. दोन्हींपुढची जागा कोरी.
कडी वाजली.
त्रेपन्न म्हणजे एकोणी—