चापाची खाच

हिकरी फोर्क, टेनेसी
४ ऑगस्ट १९७४

चि. सौ. आर्डिथ हिस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? जहाजांच्या गोदीत वाकून वाकून रॉइसची कंबर काय म्हणते? ट्वायलाचे पुढचे दात आले, की अजून फटीतून शिट्ट्या मारते? झेल्माआत्याचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. मी बरा.

आपण दोघांनी मिळून केलेल्या ठासणीच्या बंदुकीचा चाप ओढला की मागेच अडकतो, असं तू लिहिलंस. इथून निघाली तेव्हा तर लोण्यासारखा चालायचा. आधी बंदूक रिकामी आहे ना ते बघ. मग चापाच्या पात्याला दिव्याची काजळी फासून दोनचारदा ओढ आणि दस्त्यातली खाच तपास. काळं लागेल तिथे लाकूड घासतंय. रॉइसच्या हातात कानस देऊ नकोस. जावई गुणी आहेत, पण त्यांचा हात जहाजांचा.

ऑक्टोबरात गावची नेमबाजीची स्पर्धा, ओंडक्यावर बंदूक टेकवून खेळायची ती. तू येणार म्हणून आत्याने सफरचंदं वाळत घातलीत.

तुझा बाप,
व्हर्लिन

पास्कागूला, मिसिसिपी
२१ ऑगस्ट

ती. बाबांस आर्डिथचा सा. न.

खोकला गेला, दात आले, कंबर आहे तशीच.

काळं खाचेच्या डाव्या अंगाला लागलं. इथे समुद्राच्या दमट हवेने मीठसुद्धा पाणी सोडतं, म्हणून बंदूक कपाटात विजेचा दिवा लावून ठेवली. चाप मोकळा झाला. बाहेर काढली आणि पुन्हा अडकला. म्हणजे लाकूड फुगतंय. रॉइस म्हणतो, माहेरची वस्तू आहे, रुसणारच.

खाच थोडी खरवडू का?

आपली,
आर्डिथ

हिकरी फोर्क
१ सप्टेंबर

चि. आर्डिथ, आशीर्वाद.

बरोबर ओळखलंस. पटाशीने केसभर खरवड. पण पोरी, काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. तिथल्या हवेला बसवलीस, तर इथल्या कोरड्या हवेत चाप खुळखुळेल. तेव्हा बंदूक कुठे राहणार हे आधी ठरव, मगच पटाशी घे.

दस्ता ज्या अक्रोडाचा, ते झाड तुझ्या आईने लावलेलं, हे मी तुला अडवायला लिहीत नाही. लिहिलं गेलं, एवढंच.

बाबा

पास्कागूला
१९ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न.

बाबा, खरवडलं. रॉइसला इथे कायमचं काम मिळालंय. ऑक्टोबरात रजाही नाही. आठवडाभर मी पटाशी घेऊन नुसतीच बसत होते.

चाप आता सुरेख चालतो. निघालेला कीस कागदाच्या पुडीत घालून सोबत पाठवतेय. अजून आपल्या अंगणाचा वास येतो. रागावू नका.

आर्डिथ

हिकरी फोर्क
१३ ऑक्टोबर

चि. आर्डिथ, अनेक आशीर्वाद.

पुडी पोचली. आत्याने हुंगली आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणत डोळे पुसले. चूल विझलेलीच होती.

काल नेमबाजी झाली. सवयीने मी नेम धरायच्या दोन फळ्या जाळून काळ्या केल्या होत्या, एक माझी, एक तुझी. पंच होबार्टने विचारलं, दुसरी कुणाची? म्हटलं, लेकीची. तो म्हणाला, ती तर आली नाही. मी म्हटलं, "फळी आपली आपण आणायची एवढाच नियम आहे ना? हवा कुठली असावी ते कुठे लिहिलंय?" त्याने डोकं खाजवलं आणि फळीवर सही ठोकली.

ती फळी आणि वाळवलेली सफरचंदं टपालाने पाठवतोय. तिथेच फळीवर बार उडवून ती परत धाड, नेम इथे सगळ्यांसमोर मोजू. माझ्या फळीशेजारी खिळा ठोकून ठेवलाय. नेम चुकला तरी पाठव.

आणि फळीची वाट पाहू नकोस, पत्र आधी लिही.

तुझा,
बाबा