डाउनलोडचं बटण येतंय

३ जून, सोमवार
आजपासून रोज नोंद ठेवणार. पुढेमागे कंपनीचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर उपयोगी पडेल.

कंपनीने आज जाहीर केलं. 'सातवं बंदर' हा आपला गेम नव्या रूपात येतोय. नवा समुद्र, नवी जहाजं. जुना सर्व्हर ३० जूनला दुपारी बारा वाजता बंद. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलंय: 'तुमच्या आठवणी आमच्यासाठी मोलाच्या आहेत. त्या जपण्यासाठी डाउनलोडचं बटण लवकरच देत आहोत.' यापेक्षा जास्त काय लिहायचं माणसाने?

तरी फोरमवर एकच बोंबाबोंब. म्हणे कंपनी पूर्वीची राहिली नाही. पूर्वी वादळात टिकलं की शीड मिळायचं, आता विकत मिळतं. बरं मग? कंपनीलाही पोट आहे. म्हणे मागच्या वर्षी कबूल केलेला नकाशा आलाच नाही. येईल की! म्हणे ज्या म्हाताऱ्याने गेम बनवला, जो प्रत्येक मेलला स्वतः उत्तर द्यायचा, तोच सोडून गेला. वय झालं असेल. उगाच राईचा पर्वत.

मी चौदा वर्षं खेळतोय. नऊ वर्षं फोरमचा मॉडरेटर, बिनपगारी. माझ्या नावापुढे सोनेरी नांगर आहे. तो साऱ्या जगात फक्त एकवीस जणांना दिलाय.

संकल्प: (१) शांत राहणे. (२) अफवा दिसली की डिलीट. (३) व्यायाम.

५ जून, बुधवार
बायकोने विषय काढला. आमची ओळख याच गेममधली. ती जहाजाची तांडेल होती, मी डेक पुसायचो. लग्नाआधी तीन वर्षं ती एका गावात, मी दुसऱ्या. सगळं बोलणं गेममधल्या टपालपेटीत. पेटीत आलेली पत्रं राहतात, पाठवलेली राहत नाहीत. म्हणजे तिने लिहिलेली माझ्या पेटीत आणि मी लिहिलेली तिच्या. तिची माझ्याकडे ४१२ आहेत.

ती म्हणाली, ती पत्रं आधी बाहेर काढ. पत्रं कॉपी होत नाहीत, एकेक उघडून फोटो काढावा लागतो. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे लगेच हिशोब: एका पत्राला अर्धा मिनिट, एकूण साडेतीन तास, रविवारची एक सकाळ. मी समजावलं की बटण येतंय. एका क्लिकमध्ये होणाऱ्या कामाला साडेतीन तास घालवणं हा शुद्ध वेडेपणा. ती म्हणाली, बटण नाही आलं तर? मी हसलो. या बाईचा कोणावरच विश्वास नाही.

८ जून, शनिवार
खडूसने घात केला.

खडूस आमच्या जुन्या जहाजावरचा. गेममध्येही खडूस, बाहेरही खडूस. आमच्या लग्नाच्या रजिस्टरवर साक्षीदार म्हणून त्याची सही आहे. या गृहस्थाने फोरमवर स्वतः बनवलेला एक छोटा प्रोग्रॅम टाकला. म्हणे हा चालवा, दहा मिनिटांत टपालपेटीतली सगळी पत्रं तुमच्या कॉम्प्युटरवर. तासाभरात सहाशे लोकांनी घेतला. खाली 'देव भलं करो' वगैरे.

नियम १४: बाहेरचं सॉफ्टवेअर चालणार नाही. पोस्ट डिलीट केली.

त्याचा फोन आला. म्हणाला, डिलीट कर बाबा, पण आधी स्वतःची पत्रं तेवढी काढून घे. काय हा माणूस! मला आमिष दाखवतो. मी म्हटलं, सोनेरी नांगर असाच मिळत नाही. तो म्हणाला, त्या नांगराने तूच बुडशील. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

११ जून, मंगळवार
खडूसने तीच पोस्ट पाच वेळा टाकली. पाच वेळा काढली. शेवटी बॅन केलं. कायमचं.

शिवाय कंपनीला सविस्तर रिपोर्ट पाठवला. प्रोग्रॅम कुठून शिरतो, काय वाचतो, कसा अडवता येईल, सगळं मुद्देसूद. चार पानं. पाच मिनिटांत उत्तर: 'आपला संदेश मिळाला. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.' पाच मिनिटांत! आणि लोक म्हणतात कंपनी ऐकत नाही.

व्यायाम सोमवारपासून.

१३ जून, गुरुवार
ऑफिसात वैताग. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते, मी तक्रारींच्या फोनवर बसतो. लिफ्ट बंद पडली असा फोन आला की आधी म्हणायचं, माणूस निघालाय. मग माणूस शोधायचा. हीच पद्धत आहे, याने समोरच्याला धीर येतो.

आज आठव्या मजल्यावरच्या एका आजोबांचा तिसऱ्यांदा फोन. म्हणाले, तुम्ही 'निघालाय' म्हणता तेव्हा तो निघालेला नसतो, हे मला आता कळायला लागलंय. बायको खाली अडकली आहे, तिला जिने चढवत नाहीत, तेव्हा खरं काय ते सांगा. मी सांगितलं, माणूस निघालाय. फोन ठेवल्यावर बराच वेळ चुटपुट लागली. हल्ली लोकांचा विश्वासच उडालाय. साध्या शब्दावर कोणी थांबायला तयार नाही.

१७ जून, सोमवार
बटण अजून नाही. 'लवकरच' म्हटलंय म्हणजे लवकरच.

फोरमवर रोज बाराशे लोक असायचे. आज नव्वद. ज्यांना जायचं होतं ते गेले, कचरा आपोआप साफ झाला. आता दर्जेदार चर्चा होईल.

व्यायाम: जिन्याने खाली गेलो. वर लिफ्टने.

२१ जून, शुक्रवार
संध्याकाळी बायको लॅपटॉप घेऊन दहा मिनिटं बसली होती. वीजबिल भरत असावी. मध्येच फोनवर कोणाशी तरी बोलत होती, मी गेल्यावर आवाज खाली.

मग तिने माझा गेमचा पासवर्ड मागितला. कशाला विचारलं तर म्हणाली, दे ना नुसता. नियम १४(ब): पासवर्ड नवरा-बायकोतही देता येत नाही. तसं सांगितलं. नियमाचा कागदही दाखवला. तिने तो वाचला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ठीक आहे, यापुढे मी विचारणार नाही.

विषय मिटला. अखेर पटलं तिला.

२४ जून, सोमवार
खरंच विचारलं नाही. तीन दिवस झाले. गेमबद्दल चकार शब्द नाही. बाकी सगळं बोलते, भाजी आण, गॅसवाल्याला फोन कर. घरात शांतता आहे. मला शांतता आवडते.

जरा जास्तच शांतता आहे.

२५ जून, मंगळवार
सहज म्हणून टपालपेटी उघडली. सहजच. खाली कुठेतरी तिची ४१२ पत्रं आहेत, आकडा दिसला. अकरा वर्षांत एकदाही उघडली नव्हती. वाटलं, चार-दोन फोटो काढून ठेवावेत. मग विचार केला की मॉडरेटरच फोटो काढत बसला तर लोकांनी कोणाकडे बघायचं? बंद केली.

वाचायला काय, उभं आयुष्य पडलंय.

फोरमवर आज तिघं. मी, पासवर्ड विसरलेला एक जण, आणि दर तासाला नव्या गेमची जाहिरात टाकणारा कंपनीचा बॉट. बॉटच्या पोस्टला मी धन्यवाद दिले.

२७ जून, गुरुवार
कंपनीची सूचना आली! घाईघाईने उघडली. बटणाबद्दल नाही. 'एका बाहेरच्या प्रोग्रॅममुळे निर्माण झालेला धोका आम्ही कायमचा दूर केला आहे.' खाली चार मुद्दे. शब्द ओळखीचे वाटले. माझेच होते. माझ्या रिपोर्टातले, जसेच्या तसे!

छाती भरून आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा कंपनीने माझं काहीतरी वापरलं.

मग बसलो तो बसलोच. चहा गार झाला.

रात्री आठ वाजता खडूसला फोन. उचलला नाही. पुन्हा केला. उचलला. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग सहज विचारलं की प्रोग्रॅमची एखादी वेगळी आवृत्ती वगैरे आहे का, एका मित्राला हवी आहे. तो म्हणाला, कालपर्यंत जुनीच चालत होती. आज कोणीतरी नेमकी जागा दाखवून बंद करवली. इतकं बारीक काम कंपनीतल्या कोणाला जमणारं नाही, कोणीतरी गेमवर जीव असलेला माणूस असावा. मग त्याने विचारलं, तुझा तो मित्र कसा आहे?

मी म्हटलं, बरा आहे.

२८ जून, शुक्रवार
ठरलं. स्वतःच्या हाताने फोटो काढायचे. हा अविश्वास नव्हे, ही नुसती खबरदारी.

ऑफिसातून तडक घरी. गेम उघडला. पडद्यावर: 'तुमच्या आधी रांगेत ४१,२०० खेळाडू.' शेवटचं बघायला सगळे आले होते. जे चिडून गेले होते तेसुद्धा. रात्री केव्हातरी लाइट गेली. रांग पुन्हा पहिल्यापासून.

२९ जून, शनिवार
दिवसभर रांगेत. ६३,०००. जेवलो नाही. बायको एकदा दारात येऊन आकडा बघून गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

कंपनीला मेल केला, सोनेरी नांगराचा उल्लेख करून. उत्तर: 'आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.'

३० जून, रविवार

सकाळी ९.१०. रांगेत पुढे १८,००० जण. तीन तास आहेत. सहज होईल.

१०.३०. ९,४००. लघवीला जाता येत नाही, पडदा बंद झाला तर नंबर जाईल. माऊस हलता ठेवलाय.

११.२०. २,१००. बायको स्टूल घेऊन शेजारी बसली. मी म्हटलं, येतोय नंबर. ती म्हणाली, हो.

११.४४. आत! हुश्श. सोळा मिनिटांत ३२ पत्रं तरी होतील. नीट ३२ निवडायची.

११.४५. नव्या गेमची जाहिरात लागली. पुढे सरकवता येत नाही.

११.५१. जाहिरात संपली. देखणी होती, हे मान्य करायला हवं.

११.५२. टपालपेटी. नवी पत्रं वर, जुनी खाली. वरची सगळी कंपनीची: 'धन्यवाद मॉडरेटर', 'धन्यवाद मॉडरेटर', 'नांगराबद्दल अभिनंदन'. नऊ वर्षांची. खाली सरकवतोय. पान हळू उघडतंय.

११.५७. अजून 'धन्यवाद'. बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता.

११.५९. दिसलं! तिचं नाव, तांडेल म्हणून. सगळ्यात वरचं, म्हणजे तिचं शेवटचं पत्र. क्लिक केलं. गोल चक्र फिरायला लागलं.

१२.००.

१ जुलै, सोमवार
नवा गेम आला. उतरवून घेतला. डाउनलोडचं बटण आहे! मी म्हणालोच होतो. मोठं, निळं, टपालपेटीच्या बरोबर वर. दाबलं. 'आपल्याकडे एकही पत्र नाही' असं आलं. बटण उत्तम चालतं.

संध्याकाळी बायकोने कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. मी तिला लिहिलेली ३८८ पत्रं, छापून आणलेली. एकवीस तारखेला खडूसने फोनवर सांगितलं आणि तिने दहा मिनिटांत काढली होती. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तू मलाही बॅन केलं असतंस. मी म्हटलं, असं कसं? तुला आधी वॉर्निंग दिली असती.

यावर ती हसली नाही.

एक पत्र तिने वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं की तुझं पत्र आलं की मी ते दहा वेळा वाचतो आणि झोपताना पाठ म्हणतो. ऐकताना मला रडू फुटलं. तिलाही. ती म्हणाली, तू काय लिहिलंस ते आहे माझ्याकडे. मी काय लिहिलं ते जगात कुठेच नाही. तेव्हा मी कशी होते, ते त्यात होतं.

२ जुलै, मंगळवार
सकाळी सहाला उठलो. नवी वही काढली. संकल्प: बायकोची ४१२ पत्रं आठवून लिहायची. रोज वीस. एकवीस दिवसांत काम फत्ते. एकेक पत्र दहादा वाचलेलं, पाठ केलेलं. कंपनीच्या सर्व्हरपेक्षा माझं डोकं जास्त भरवशाचं आहे.

पत्र क्रमांक १: 'जेवलास का?'

पत्र क्रमांक २: जिभेवर आहे.

दुपारी २. ऑफिस. फोन कमी. क्रमांक २ अजून जिभेवर.

संध्याकाळी ७. बायकोने वही मागितली. दिली. तिने ती एक ओळ वाचली. मग म्हणाली की हे तिने लिहिलेलंच नाही. तिने मला असं आजवर एकदाही विचारलेलं नाही. असं माझी आई विचारते.