वीज वाटंत सांडते

ता. ९ सप्टें. १९३७, शिरपूर
लागला! लागला! महादूच्या वावरातल्या नाल्यावर आपली पाणचक्की फिरली, बायस्कोपवाल्याचा जुना डायनामो फिरला, अन् बल्ब असा लख्ख की डोळे दिपले. महादू वरडला, "अरे बाप्पा! सूर्यच बांधून आनला का, शेठ?"
आता तार घरापर्यंत. मैलभर. आईले अजून सांगितलं नाई.

११ सप्टें.
सांगितलं. आईनं आधी किड्यांचंच विचारलं. पन्नाशी उलटल्यावर वाचायले शिकली, दिवाळीपर्यंत पोथी स्वतः वाचून पुरी करायचा नेम धरला. दिवसभर काम, फुरसत दिवेलागणीलेच. अन् आमचं जैनाचं घर, चौमासात कंदील लावू देत नाई, किडे जळतात. अरे, पण बल्बाले तर काच! किडा शिरेल कुठून?

१९ सप्टें.
तार पोचली. बटण दाबलं. बल्बात नुसता लाल दोरा! चक्कीवर तोच बल्ब लख्ख. महादू हसून हसून लोळला. "वीज वाटंतच सांडून राह्यली काय?" मेल्या, खरंच सांडते! केनवडच्या बाजारातली लोखंडी तार, गंजके सांधे, त्यात मैलभर... लय चिडलो.
आई खूश. "एकबी किडा आला नाई. हाच राहू दे." अन् अक्षर? ते दिसतच नाई.

२७ सप्टें.
आठ दिवस तेच. सांधे कानशीनं घासले, तार दुहेरी केली, बाभळीले टेकत होती तिथून सोडवली. महादूनं बैल सोडून मदत केली. हात सोलले. दुकान वाऱ्यावर.

३ ऑक्टो., संध्याकाळ
जिंकलो!! घर उजळलं. गल्ली दारात जमली. आईनं पोथी उघडली, बोट ठेवून एक ओळ वाचली, मोठ्यानं. मले रडूच आलं.
मग दिव्यावरची पाखरं आली. काचेवर टपटप.
"बंद कर."
"काच हाये आई, जळत नाई."
"तापते का नाई?"
हात लावला. चटका बसला. तिच्यासमोर खोटं बोलता येत नाई. बंद केला.

५ ऑक्टो.
आज आईनंच पाणी गाळायचं फडकं काढलं. बांबूच्या कामट्यांवर ताणून बल्बाभोवती सैल बांधलं. बाहेरून हात लावून पाह्यलं, गार. काय डोकं हाये माझ्या आईचं! खालची जमीन झाडून घेतली अन् म्हणाली, "आज नुसता लावून ठेव. सकाळी पाहीन. एकबी मेलेला नसला तर उद्या वाचीन."
नाल्याचं पाणी उतरून राह्यलं, चक्की आता किती दिवस फिरते कोन जाने.
पाखरं आली. फडक्यावर बसली. काही उडाली, काही नाई. आई पोथी छातीशी धरून खालची जमीन पाहून राह्यली, मीबी.