आडवी पुरलेली यांगोना

मी, उलामिला तुइवागा, वय एकाहत्तर, राहणार वुनितोंगा, कंदावू बेट, फिजी, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

जमिनीबद्दल काही लिहीत नाही. ती कुळाची, माझी कधी नव्हतीच. पत्र्याचे घर भाची लुसियानाला. चटया तिनेच विणल्या, त्याही तिच्याच.

खरी इस्टेट म्हणजे मागच्या खोलीतल्या दोनशे बरण्या. त्यांत आमच्या यांगोनाची निरोगी रोपे वाढतात. हिच्या मुळ्या कुटून पाण्यात कालवून प्यायल्या की अंगदुखी उतरते आणि भांडणेही मिटतात. पण हिला बी धरत नाही. दर सहा आठवड्यांनी शेंडे स्वच्छ हातांनी नव्या बरणीतल्या पोषक अन्नावर हलवले नाहीत, तर बरण्यांतला हा निरोगी वाण माझ्याबरोबर संपेल. म्हणून हे मृत्युपत्र.

इथे साकिउसाबद्दल लिहिणे भाग आहे. तो माझा मामेभाऊ. आमच्यात आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायचीच असते, आणि तो त्यात कसूर करत नाही. राजधानी सुवाच्या प्रयोगशाळेत मी शेंड्याच्या टाचणीच्या टोकाएवढ्या तुकड्यातून रोप वाढवायला शिकले, आणि पहिली चाळीस रोपे गावी पाठवली. महिन्याने त्याचा फोन.

“उला, तुझी बाटलीतली लेकरं गेली गं. दोनच उरलीत.”

“लावलीस कशी?”

“आडवी. वर माती.”

“पानांसकट? अरे गाढवा, ती कांडी नव्हती, रोपं होती!”

“माझ्या आज्यानं यांगोना कधी उभी लावली नाही. तू नको मला शिकवू.”

पुढची चार वर्षे गावात माझे नाव ‘बाटलीबाई’ होते. मग खोड काळे पडून कोसळण्याचा रोग आला आणि अख्ख्या डोंगरावरची यांगोना झोपली. उभी राहिली फक्त ती दोन झाडे. चिवट रोप निवडायला मला कित्येक वर्षे लागली असती. ते काम साकिउसाच्या अडाणीपणाने एका दुपारी केले, हे मी इथे लेखी कबूल करते. त्याच दोन झाडांच्या शेंड्यांपासून मी बरण्या भरल्या. आज सतरा गावांचे डोंगर हिरवे आहेत. पहिल्या कापणीला पुरुषांच्या बैठकीत यांगोनाची पहिली करवंटी मला दिली. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या साकिउसाच्या होत्या. मी ती एका दमात रिकामी केली. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढा कधी झाला नव्हता.

वाण आपल्या नावावर करून घ्यायला एक परदेशी साहेब आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला. ज्या गावाला रोप हवे, त्याला द्यावे. मोबदला मागू नये.

बरण्या, चिमटे, स्पिरिटचा दिवा आणि बरण्या निर्जंतुक करायचा प्रेशर कुकर साकिउसाच्या मुलीला, माझ्या हाताखाली शिकलेल्या वासेनाईला. कुकरात भात शिजवू नये. साकिउसाने त्या खोलीचा उंबरा ओलांडू नये.

पोरीला हे पेलेल का, असे लोक विचारतील. मलाही धाकधूक होती. म्हणून या खेपेला मी मुद्दाम काही केले नाही. तिला आठवणही करून दिली नाही, खोलीत पाऊल टाकले नाही. सहा आठवडे उलटले. काल दार उघडले. दोनशेच्या दोनशे बरण्या बदललेल्या, एकही गढूळ नाही, प्रत्येकीवर तारीख वासेनाईच्या अक्षरात.

आता माझ्यावाचून काही अडत नाही, हे मी अतिशय आनंदाने लिहून देते.

सही: उलामिला तुइवागा

बाईंनी आमच्यासमोर, हसत हसत सही केली:
१. मकेरेता नाबोला, परिचारिका
२. इलाइतिया कोरोई, शिक्षक

वुनितोंगा, १४ ऑगस्ट २०२३