चिपेवरचं पांढरं

निकेत,

रुचिताला घेऊन पेणच्या सरकारी दवाखान्यात चाललोय. तू बायकोच्या अंगावर खुर्ची फेकलीस, तिचं मनगट मोडलंय.

"माझ्या गेमच्या कार्डाला तूच हात लावलास!" म्हणून तिला बडवत होतास. हात मी लावला होता. कॉम्प्युटरमधल्या त्या कार्डाचा पंखा खरखरत होता, म्हणून ते उघडून पुसलं. चिपेवरची पांढरी पेस्ट मला मीठ वाटली. सगळा जन्म मिठागरात गेलाय. नखानं खरवडून टाकली. ती नसली की चिप तापून जळते, हे तुझ्या शिव्यांतून कळलं. तरी तुला भिऊन मी गप्प उभा राहिलो.

रुचिता म्हणते, "बाबा, घसरून पडले असंच सांगू." मी डॉक्टरांना तुझं नाव सांगणार आहे.

बाबा