गलबताच्या दोराची राहिलेली नोंद

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, राष्ट्रीय सागरी संग्रहालयाची निवृत्त नोंदपाल, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने हे लिहून ठेवत आहे. थकले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे.

१. राहत्या घराचा वरचा मजला थोरल्या भावाच्या मुलीला. आधी गळती काढावी, मग रंग.

२. माझे भिंग सध्याच्या संचालकांना. वापरतील अशी आशा नाही.

३. पहिल्या दालनातल्या गलबताच्या नांगराच्या दोरावर 'मूळ, दीडशे वर्षांपूर्वीचा' अशी पाटी आहे. ती खोटी आहे. मूळ दोराचा साफ करताना माझ्याच हातात भुगा झाला. उद्घाटनाला आठ दिवस होते. दोर वळणे हा दादाचा धंदा. त्याने सहा दिवसांत तसाच काथ्याचा दोर वळून दिला; तळहात सोलून निघाले. नोंद उद्घाटनानंतर करू म्हटले. खिळ्याच्या नोंदीसाठी कारकुनांना फैलावर घेणारी मी, ही नोंद एकतीस वर्षे केली नाही.

दादाने एकदाच विचारले, "पाटीवर माझं नाव?"

"दादा, ते संग्रहालय आहे, लग्नपत्रिका नाही."

त्यानंतर अकरा वर्षे तो माझ्या दारात आला नाही.

निवृत्तीनंतर मी दोनदा अर्ज केला. संचालक म्हणाले, "मॅडम, एवढी माणसं बघून गेली. आता कशाला उकरून काढता?"

म्हणून: माझी पुस्तके आणि जहाजांचे आराखडे संग्रहालयाला, पण सहा महिन्यांत पाटीवर दादाचे नाव लागले तरच. नाहीतर सगळे खलाशांच्या शाळेला. भुगा कपाटातल्या बरणीत आहे. पुरावा म्हणून दाखवावा.

४. ~~तळमजल्याची खोली दादाला.~~ खाडाखोड माझीच. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले.

दादा म्हणाला, "खोली राहू दे. तुझ्या कागदावर माझी सही होऊ दे, एकदाची."

मी कायदा समजावला, रागावलेसुद्धा.

"तुझंच बरोबर असतं गं नेहमी. आण ते पेन इकडे."

खोलीही पुतणीला.

राहत्या घरी, ७ मार्च, शनिवार.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार १: घरचे डॉक्टर. (सही)

साक्षीदार २: दोर वळणारा, वय एक्क्याऐंशी, लिहून ठेवणारीचा सख्खा थोरला भाऊ. संग्रहालयातल्या गलबताचा नांगराचा दोर याने वळला. (सही)